राफाएल बॉम्बेली: दलदलीचा इंजिनिअर आणि उणे एकचं वर्गमूळ

नमस्कार मंडळी. आज ज्या माणसाबद्दल बोलायचंय त्याचं नाव राफाएल बॉम्बेली, गाव इटलीतलं बोलोन्या, काळ सोळावं शतक, आणि पोटापाण्याचा धंदा म्हणाल तर दलदलीतलं पाणी काढून जमीन शेतीलायक करायची. युनिव्हर्सिटीत तो शिकला नाही आणि प्राध्यापकही झाला नाही. आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, तेही त्याच्या हयातीत पूर्ण छापून आलं नाही. पण अकरावीला सायन्सवाले आपण सगळे ज्या संमिश्र संख्या, म्हणजे उणे एकचं वर्गमूळ ज्यांत येतं त्या संख्या, शिकलो, त्यांची बेरीज कशी करायची, गुणाकार कसा करायचा, हे जगात सगळ्यात आधी नीट नियम घालून लिहिलं ते या माणसाने, १५७२ साली.

हा विषय का घेतला ते आधीच सांगून टाकतो. ही गोष्ट वर्गात जशी सांगितली जाते त्याबद्दल माझी जुनी तक्रार आहे. काय सांगतात? क्ष वर्ग अधिक १ बरोबर शून्य हे समीकरण घ्या, याला उत्तर नाही, कारण कुठल्याही संख्येचा वर्ग उणे येत नाही, म्हणून गणितज्ञांनी एक नवीन संख्या मानली, तिचा वर्ग उणे १, चला आता उदाहरणं सोडवा. मग मागच्या बाकावरचा एखादा मुलगा विचारतो की सर, उत्तर नाही तर नाही, मानायची कशाला? आणि त्याला गप्प बसवलं जातं. मला वाटतं त्या मुलाचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे, कारण इतिहासात असं घडलेलंच नाहीये. त्या समीकरणाला उत्तर नाही म्हणून कोणाचं काहीही अडलं नव्हतं. आपल्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात बीजगणितात सरळ लिहून ठेवलंय, न मूलं क्षयस्यास्ति तस्याकृतित्वात्, म्हणजे ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती मुळात कशाचा वर्गच नाही. चाळीसगावजवळ पाटण्याला ज्यांच्या नातवाचा, चंगदेवाचा शिलालेख आहे तेच हे भास्कराचार्य. त्यांनी जे म्हटलं त्यात चूक काहीच नव्हती, त्या काळी जगातल्या कुठल्याही गणित्याने त्यावर मान डोलावली असती.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. अडलं घन समीकरणात, म्हणजे ज्यात क्ष चा घन येतो त्या समीकरणात, जिथे उत्तर आहे, चांगलं पूर्णांकात आहे, कोणीही तोंडी पडताळून बघू शकतो, पण ते उत्तर काढून देणारा फॉर्म्युला वापरायला गेलं की मधेच उणे संख्येचं वर्गमूळ येऊन उभं राहतं. त्याचं काय करायचं हा खरा प्रश्न होता, आणि तो बॉम्बेलीने सोडवला.

आता जरा मागून येऊ. बोलोन्यावर आधी बेंतिवोल्यो घराण्याची सत्ता होती. १५०६ मधे पोप ज्युलिअस दुसरा याने त्यांना हाकलून शहर ताब्यात घेतलं. १५०८ मधे बेंतिवोल्योंनी ते परत मिळवायचा प्रयत्न केला, तो फसला आणि त्यात पकडल्या गेलेल्यांमधे राफाएलचे आजोबा होते, त्यांना मृत्युदंड झाला. घराण्याचं आडनाव तेव्हा मात्सोली. पुढे वडिलांना, आंतोनियोंना, बोलोन्यात परत येऊन राहता आलं, ते लोकरीचा व्यापार करायला लागले आणि आडनाव बॉम्बेली लावायला लागले. आई दियामान्ते ही एका शिंप्याची मुलगी. सहा भावंडांत राफाएल थोरला, १५२६ चा जन्म. तो ज्याच्या हाताखाली शिकला तो पिएर फ्रांचेस्को क्लेमेंती हा इंजिनिअर आणि आर्किटेक्ट, तोही दलदली कोरड्या करायची कामं केलेला. म्हणजे धंदा गुरूकडूनच आला, पण गणिताचं एवढं वेड कुठून लागलं असेल? मला वाटतं त्याचं उत्तर बोलोन्या शहरातच आहे.

कारण बघा, ज्या १५२६ साली हा मुलगा जन्माला आला त्याच साली त्याच शहरात शिपिओने देल फेर्रो वारला. देल फेर्रो बोलोन्याच्या युनिव्हर्सिटीत गणित शिकवायचा आणि त्याने असं काहीतरी केलं होतं जे ग्रीकांना जमलं नाही, अरबांना जमलं नाही, घन समीकरणाचा एक प्रकार त्याने सोडवला होता. आणि कोणाला सांगितलं नाही. आज आपल्याला हे विचित्र वाटतं, पण तेव्हा गणित्यांची नोकरी टिकायची ती जाहीर सामन्यांवर, दोघांनी एकमेकांना उदाहरणं घालायची, जो जास्त सोडवेल तो जिंकला, त्यामुळे अशी पद्धत हातात असणं म्हणजे नोकरीची हमी, ती कोण वाटत बसणार. मरायच्या आधी त्याने ती आपला विद्यार्थी फिओर याला दिली, आणि कागद गेले जावयाकडे, आन्निबाले देल्ला नावे याच्याकडे.

पुढची भांडणं तुम्ही यूट्यूबवर भरपूर ऐकली असतील म्हणून मी भराभर सांगतो. फिओरने १५३५ मधे निकोलो तार्ताल्याला आव्हान दिलं. तार्ताल्या हा ब्रेशाचा, १५१२ मधे फ्रेंच फौजेने ते शहर लुटलं तेव्हा लहानपणी याच्या तोंडावर तलवारीचे वार झालेले आणि तेव्हापासून तो अडखळत बोलायचा. दोघांनी एकमेकांना ३०-३० उदाहरणं घातली, मुदत संपायच्या थोडं आधी तार्ताल्याला पद्धत स्वतःलाच सापडली आणि फिओर पार हरला. मग मिलानचा डॉक्टर जिरोलामो कार्दानो तार्ताल्याच्या मागे लागला, १५३९ मधे कोणाला सांगणार नाही अशी शपथ घेऊन त्याने ती पद्धत मिळवली. नंतर १५४३ मधे कार्दानो आणि त्याचा शिष्य फेरारी बोलोन्याला जाऊन त्या जावयाकडचे देल फेर्रोचे कागद बघून आले, आणि मूळ शोध देल फेर्रोचा आहे म्हणजे आता शपथेचं बंधन नाही असं धरून कार्दानोने १५४५ मधे सगळं छापून टाकलं. तार्ताल्या खवळला, फेरारी गुरूच्या बाजूने उतरला, आणि १५४८ च्या ऑगस्टमधे मिलानला दोघांचा जाहीर सामना झाला. बॉम्बेली तेव्हा २२ वर्षांचा होता. ही सगळी चर्चा त्याच्या वयाच्या प्रत्येक हिशेबी पोराच्या कानावर पडत असणार.

आता गणिताकडे येतो, घाबरू नका, तोंडी करण्यासारखं आहे. एक उदाहरण घेऊ, बॉम्बेलीचंच आहे. अशी संख्या शोधा की तिचा घन हा तिच्या १५ पटीपेक्षा ४ ने जास्त आहे. म्हणजे क्ष³ = १५क्ष + ४. इथे बसलेल्यांपैकी कोणीही दोन मिनिटात सांगेल, उत्तर ४. चाराचा घन ६४, पंधरा चोक साठ आणि चार ६४. झालं. आता हेच फॉर्म्युल्याने, म्हणजे कार्दानोने छापलेल्या त्या पद्धतीने काढायचं. फॉर्म्युला काय सांगतो? शेवटची संख्या ४, तिचं निम्मं २, त्याचा वर्ग ४. मधली संख्या १५, तिचा तिसरा भाग ५, त्याचा घन १२५. आता ४ मधून १२५ वजा करा आणि वर्गमूळ घ्या. उणे १२१! तिथेच गाडी अडली. फॉर्म्युल्याप्रमाणे उत्तर आहे (२ + √−१२१) चं घनमूळ अधिक (२ − √−१२१) चं घनमूळ. म्हणजे जे ४ आपण तोंडी काढलं ते या अशा रूपात समोर येतं, आणि याचा ४ शी काय संबंध ते कोणालाच दिसत नाही.

आणि हे एखाद्या चुकार उदाहरणात होत नाही, हे लक्षात घ्या. ज्या ज्या घन समीकरणाला तीन वेगवेगळी खरीखुरी उत्तरं असतात त्या प्रत्येकात हेच होतं. आपल्या या समीकरणालासुद्धा ४ सोडून अजून दोन उत्तरं आहेत, −२ + √३ आणि −२ − √३, पडताळून बघा. म्हणजे जिथे उत्तरं भरपूर तिथेच फॉर्म्युला बंद पडतो.

कार्दानोला हे माहिती होतं. १५३९ मधेच त्याने तार्ताल्याला पत्र लिहून विचारलं होतं की बाबा, त्या तिसऱ्या भागाचा घन मोठा असला तर काय करायचं, आणि तार्ताल्याने त्याला धड उत्तर दिलं नाही. कार्दानोने आपल्या पुस्तकात दुसऱ्या एका जागी उणेच्या वर्गमुळाला हात लावलाय. १० चे असे दोन भाग करा की त्यांचा गुणाकार ४० येईल. तो म्हणतो हे अशक्य आहे, तरीपण करून बघू, आणि ५ + √−१५ आणि ५ − √−१५ असं उत्तर काढून, मनाला होणारा त्रास बाजूला ठेवून त्यांचा गुणाकार करून ४० आणून दाखवतो, आणि शेवटी म्हणतो की हे जितकं सूक्ष्म तितकंच निरुपयोगी. मला कार्दानोबद्दल आदर आहे, एवढा धाडसी माणूस त्या काळात दुसरा नव्हता, पण इथे तो दारापर्यंत येऊन परत फिरला. त्याने घेतलेलं उदाहरण असं होतं की ज्याला उत्तर नाहीच, त्यामुळे निरुपयोगी म्हणून सोडून देणं त्याला परवडलं. घन समीकरणात सोडून देणं परवडणार नव्हतं.

आता आपला इंजिनिअर. रोममधे आलेस्सांद्रो रुफिनी नावाचे मोठे धर्माधिकारी होते, पुढे मेल्फीचे बिशप झाले, त्यांनी पोपकडून व्हाल दि कियाना या खोऱ्यातली दलदल कोरडी करायचा हक्क घेतला होता. हे खोरं मध्य इटलीत, आर्नो आणि तीबेर या दोन नद्यांच्या मधलं, जमीन इतकी सपाट की पाण्याला कुठे जावं हेच कळत नाही, सगळीकडे साचलेलं पाणी आणि मलेरिया. बॉम्बेली १५५१ च्या सुमाराला त्या कामावर होता. कामाची पद्धत म्हणजे लेव्हल घ्यायची, कालवे खणायचे, उतार द्यायचा, आणि ज्याच्या त्याच्या हद्दी मोजून आखून द्यायच्या, कारण जमीन वर आली की भांडणं पण वर येतात. पुढे १५५५ च्या आसपास काम थांबलं, आणि काही वर्षं थांबलेलंच राहिलं. या रिकाम्या वेळात रुफिनींच्या रोममधल्या घरी बसून त्याने बीजगणिताचं पुस्तक लिहायला घेतलं. साधारण १५६० ला काम परत सुरू झालं, तो परत खोऱ्यात गेला, आणि ते काम पूर्ण करून त्याने चांगलं नाव कमावलं. सगळीच कामं यशस्वी झाली असंही नाही. रोममधे तीबेर नदीवरचा सांता मारिया पूल १५५७ च्या पुरात मोडला होता, तो दुरुस्त करायचा प्रयत्न १५६१ मधे बॉम्बेलीने केला, जमलं नाही. त्या पुलाचं नशीबच तसं होतं, नंतर दुसऱ्यांनी बांधला तर १५९८ च्या पुराने परत नेला, आज त्याची एकच कमान नदीच्या मधे उभी आहे आणि लोक त्याला मोडका पूल असंच म्हणतात.

पुस्तक लिहायचं कारण त्याने स्वतः सांगितलंय आणि ते मला फार आवडतं. तो म्हणतो आधीच्या लोकांनी बीजगणितावर लिहिलं खरं पण कोणीच नीट खोलात शिरून लिहिलं नाही, कार्दानोने केलं पण त्याचं लिहिणं दुर्बोध आहे. म्हणून असं पुस्तक हवं की ज्याला दुसरं काहीही वाचायला न लागता सगळं शिकता येईल. आणि त्याने ते लॅटिनमधे न लिहिता इटालियनमधे लिहिलं, बाजारात आणि कामावर बोलली जायची त्या भाषेत. पहिला भाग चालू होतो तो वर्गमूळ घनमूळ कसं काढायचं इथून. एवढ्या खालून सुरू करून वाचकाचं बोट धरून तो त्याला थेट त्या उणे १२१ पर्यंत घेऊन जातो.

मग तिथे काय करतो? इथे थोडा वेळ घेऊया, कारण सगळी मजा इथे आहे. तो असा विचार करतो की (२ + √−१२१) चं घनमूळ पण त्याच जातीचं असणार, म्हणजे एक साधी संख्या अधिक उणेचं वर्गमूळ. समजा ते अ + √−ब आहे. मग दुसरं घनमूळ आपोआप अ − √−ब. दोघांची बेरीज केली की उणेवाला भाग उडून जातो आणि उरतं अ ची दुप्पट. उत्तर ४ यायला हवं हे आपल्याला माहितीच आहे, म्हणजे अ असायला हवा २. आता ब काढू. दोन्ही घनमुळांचा गुणाकार करा, आत येतं ४ अधिक १२१ म्हणजे १२५, त्याचं घनमूळ ५. इकडे अ वर्ग अधिक ब म्हणजे पण तेच, ४ + ब = ५, ब झाला १. म्हणजे घनमूळ आहे २ + √−१. आता पडताळा, (२ + √−१) चा घन करा. ८, अधिक १२ वेळा √−१, मग ६ गुणिले उणे १ म्हणजे उणे ६, आणि शेवटी उणे √−१. सगळं मिळून २ अधिक ११ वेळा √−१. आणि ११ वेळा √−१ म्हणजेच √−१२१. बरोब्बर! दोन्ही घनमुळं मिळवा, २ + √−१ आणि २ − √−१, उणेवाले गेले, उरले ४.

पहिल्यांदा हे कागदावर स्वतः केलं की माणूस जरा वेळ नुसता बघत बसतो. ज्या संख्येला अस्तित्व नाही म्हणून सगळे सांगत होते ती मधे आली, आपलं काम केलं, आणि निघून गेली, आणि हातात राहिलं ते खरं उत्तर.

यात एक मेख आहे आणि ती लपवायची नाही. मी आत्ता उत्तर ४ येणार हे धरून चाललो. ते न धरता, सरळ अ काढायला गेलात तर अ साठी जे समीकरण मिळतं ते ४अ³ = १५अ + २, आणि यात अ च्या जागी क्ष चं निम्मं घातलं तर परत तेच, क्ष³ = १५क्ष + ४. म्हणजे घनमूळ काढायला मूळ समीकरण सोडवायला लागतं आणि समीकरण सोडवायला घनमूळ लागतं. कुलुपाची किल्ली पेटीतच राहून गेलेली. म्हणून काही लोक म्हणतात की बॉम्बेलीने नवीन काय काढलं, उत्तर माहिती असलेल्या गणिताचं उत्तर काढलं. मला हे अजिबात पटत नाही. त्याने नवीन उत्तर काढायचा दावाच केला नव्हता. फॉर्म्युला खोटं बोलत नाहीये, त्या अशक्य दिसणाऱ्या मांडणीत खरं उत्तरच बसलेलं आहे, आणि तिथपर्यंत नियम पाळत पाळत जाता येतं, एवढं त्याने दाखवून दिलं. आणि याच कारणासाठी उत्तर आधीपासून माहिती असणं गरजेचं होतं, नाहीतर विश्वास कशाच्या जोरावर ठेवणार? त्याने लिहिलंय की आधी त्याला स्वतःलाच ही सगळी भानगड सत्यापेक्षा शब्दांचा खेळ वाटत होती, पण सिद्ध होईपर्यंत तो शोधतच राहिला. एवढ्यावर न थांबता त्याने भूमितीनेही दाखवलं, गुण्या सरकवून रेषा आखायची एक रचना दिली की जिच्यातून असल्या समीकरणाला खरोखर उत्तर असतंच हे डोळ्याने दिसतं.

आणि मग त्याने जे केलं ते माझ्या मते घनमुळाच्या करामतीपेक्षा मोठं आहे. त्याने नियम लिहिले. तो म्हणतो या नवीन प्रकाराच्या मुळाला अधिकही म्हणता येत नाही आणि उणेही म्हणता येत नाही, म्हणून मिळवायचं असेल तेव्हा त्याला मी म्हणेन पिउ दि मेनो आणि वजा करायचं असेल तेव्हा मेनो दि मेनो. आपण आज जिथे आय आणि उणे आय लिहितो तेच. आणि मग पाढ्यासारखं सगळं मांडलं. अधिक गुणिले पिउ दि मेनो बरोबर पिउ दि मेनो. पिउ दि मेनो गुणिले पिउ दि मेनो बरोबर उणे. पिउ दि मेनो गुणिले मेनो दि मेनो बरोबर अधिक. असे आठ नियम आणि मग भरपूर उदाहरणं. ही संख्या खरी आहे का, ती कुठे राहते, असले वाद तो घालत बसला नाही. तिच्याशी वागायचं कसं ते त्याने ठरवून दिलं, आणि तेवढं पुरलं. संख्यारेषेला काटकोनात दुसरी रेषा काढून या संख्यांना जागा दिली ती वेसेल आणि आर्गां यांनी, सव्वादोनशे वर्षांनंतर. तोपर्यंत सगळ्यांचं काम नियमांवर चाललं.

आता दुसरी एक गोष्ट, जिच्यात आपला म्हणजे भारताचा उल्लेख येतो. हस्तलिखित तयार झाल्यावर रोममधे आंतोनियो मारिया पात्सी या गणिताच्या शिक्षकाने बॉम्बेलीला व्हॅटिकनच्या लायब्ररीतली एक ग्रीक पोथी दाखवली. ती होती डायोफँटसची, अलेक्झांड्रियाचा जुना गणिती. दोघांनी मिळून तिचा अनुवाद सुरू केला, पाच भाग केले, बाकीचं कामाच्या गडबडीत राहून गेलं. पण त्याचा परिणाम एवढा झाला की बॉम्बेलीने आपलं पुस्तक परत हाताळलं, तिसऱ्या भागातली व्यवहारातली उदाहरणं काढून टाकली आणि शुद्ध संख्यांची घातली. छापील पुस्तकात तिसऱ्या भागात २७२ उदाहरणं आहेत, त्यातली १४३ डायोफँटसची. अज्ञात संख्येसाठी आणि वर्गासाठी जे जुने व्यापारी शब्द होते तेही त्याने बदलले, आणि घातांक दाखवायला छोट्या अर्धगोलावर आकडा लिहायची पद्धत वापरली, जी आपल्या आजच्या पद्धतीच्या बरीच जवळ जाते.

आणि प्रस्तावनेत तो लिहितो की या ग्रंथात भारतीय लेखकांचा अनेकदा उल्लेख सापडला आणि त्यावरून मला कळलं की ही विद्या अरबांच्या आधी भारतीयांकडे होती. ऐकायला छान वाटतं ना? पण हे लगेच व्हॉट्सअॅपवर टाकू नका. कारण डायोफँटसचा जो ग्रंथ आज आपल्याकडे आहे त्यात असे उल्लेख नाहीत. भारतीय बीजगणिताची थोरवी सांगायला ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य समर्थ आहेत, त्यासाठी हे वाक्य पुरावा म्हणून वापरायची गरज नाही. मला त्या वाक्यात आवडतं ते वेगळंच, की १५७२ साली इटलीत छापलेल्या पुस्तकात एक माणूस आपल्याआधी कोणाकोणाला हे येत होतं त्याची नोंद करतोय, आणि त्यात दूरच्या देशातल्या लोकांना मान देतोय, ज्यांचं एक अक्षर त्याने वाचलेलं नाही.

अजून एक छोटी गोष्ट, घरी जाऊन करून बघण्यासारखी. १३ चं वर्गमूळ काढायची त्याची रीत. ३ चा वर्ग ९, तेरात ४ कमी. समजा उत्तर ३ अधिक काहीतरी. तर ते काहीतरी म्हणजे ४ भागिले (६ अधिक तेच काहीतरी). आता पहिल्यांदा ते खालचं काहीतरी सोडून द्या, ४/६ म्हणजे २/३ मिळालं. हे परत खाली घाला, मिळतं ३/५. परत घाला, २०/३३. परत घाला, ६६/१०९. ३ पूर्णांक ६६/१०९ म्हणजे ३.६०५५०, आणि खरं वर्गमूळ ३.६०५५५. चार पायऱ्यांत चार दशांश स्थळं! हे पुढे सतत अपूर्णांक म्हणून प्रसिद्ध झालं. कालव्याच्या मापांची गणितं करणाऱ्या माणसाला अशी रीत सुचणं मला अगदी साहजिक वाटतं, कारण त्याला वर्गमूळ नुसतं चिन्हात लिहून चालत नाही, आकडा लागतो, आणि पाहिजे तेवढा अचूक लागतो.

पुस्तक १५७२ मधे बोलोन्यात छापलं गेलं, रुफिनींना अर्पण केलेलं, आणि त्याच वर्षी बॉम्बेली वारला, वय ४६. तीनच भाग छापले गेले होते. चौथा आणि पाचवा, जे भूमितीचे होते, ते कच्चे राहिले होते, ते लवकरच देतो असं वाचकांना सांगून तो गेला.

नंतर काय झालं? फ्लेमिश गणिती सायमन स्टेविनने वाचलं, त्याने घातांकाची पद्धत जवळजवळ तशीच उचलली. फ्रेंच गणिती व्हिएतने वेगळी वाट काढली, तीन खरी उत्तरं असलेली घन समीकरणं त्याने त्रिकोणमितीने सोडवली, म्हणजे उणेच्या मुळाला हातच लावायला नको. बऱ्याच लोकांना तेच बरं वाटलं. पण १६७० च्या दशकात पॅरिसमधे लाइबनिट्स नावाचा तरुण बॉम्बेलीचं पुस्तक घेऊन बसला, शंभर वर्षं जुनं पुस्तक, आणि त्यावरून बीजगणित शिकला. मग त्याने स्वतःचं एक काढलं, √(१ + √−३) अधिक √(१ − √−३) म्हणजे √६. वर्ग करून बघा, बरोबर ६ येतात. त्याने ते हॉयगन्स या डच शास्त्रज्ञाला कळवलं आणि हॉयगन्ससारखा माणूस चकित झाला, की यात काहीतरी दडलेलं आहे जे आपल्याला कळत नाहीये.

आणि ही वाट टाळता येते का, या प्रश्नाचं शेवटचं उत्तर १८४३ मधे आलं. फ्रेंच गणिती पिएर वांत्सेल याने सिद्ध केलं की ज्या घन समीकरणाला तीन खरी उत्तरं आहेत पण त्यातलं एकही पूर्णांक किंवा अपूर्णांक नाही, उदाहरणार्थ क्ष³ = ३क्ष + १, त्याची उत्तरं फक्त खऱ्या संख्यांची वर्गमुळं, घनमुळं वगैरे घेऊन लिहिताच येत नाहीत. कितीही हुशारी करा. मुळांनीच लिहायचं ठरवलं तर उणेच्या वर्गमुळातून जायलाच लागतं. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने विचारलं होतं ना, मानायची कशाला? हे त्याचं उत्तर आहे, आणि ते त्याला अकरावीतच मिळायला हवं. तासाभरात होतं, ४ च्या त्या उदाहरणाने.

शेवटचे दोन भाग कुठे गेले हे सांगायचं राहिलं. साडेतीनशे वर्षं लोक धरून चालले होते की ते लिहिलेच गेले नाहीत किंवा हरवले. १९२३ मधे एत्तोरे बोर्तोलोत्ती या गणिताच्या इतिहासकाराला बोलोन्याच्या आर्किजिन्नासिओ लायब्ररीत बॉम्बेलीच्या पुस्तकाचं हस्तलिखित सापडलं, पाचही भागांचं, डायोफँटस वाचायच्या आधी लिहिलेलं, त्यामुळे तिसऱ्या भागातली ती काढून टाकलेली व्यवहारातली उदाहरणंही त्यात जशीच्या तशी. चौथ्या पाचव्या भागात तो बीजगणित रेषांवर करून दाखवतो, एक लांबी एकक म्हणून धरायची आणि मग गुणाकार, भागाकार, वर्गमूळ सगळं रेषाखंडांनी काढायचं, आणि उलट भूमितीचे प्रश्न समीकरणं मांडून सोडवायचे. हे, भूमिती आणि बीजगणित जोडणारा म्हणून ज्याचं नाव घेतात त्या देकार्तच्या जवळजवळ ८० वर्षं आधी. बोर्तोलोत्तीने हे दोन भाग १९२९ मधे छापले.